मॉडेल किटच्या काचा: कोणता ग्लू, कुठे आणि कसा

किटचा डबा उघडला की राखाडी भागांच्या ढिगात एक छोटी पिशवी वेगळी दिसते. तिच्यात काचा असतात: विमानाची कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण), गाडीची पुढची-मागची काच, हेडलाइटची भिंगं. चरे पडू नयेत म्हणून कंपनीने त्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. तेवढीच काळजी आपण शेवटपर्यंत घ्यायची असते, आणि नवीन माणूस नेमका शेवटच्या अर्ध्या तासात घसरतो. महिनाभर खपून रंग देतो, आकडे-चिन्हं लावतो आणि काच बसवायची वेळ आली की हाताशी असेल ती ट्यूब उचलतो.

साताऱ्यात माझ्या घरी रविवारी सकाळी दोन-चार मुलं आपापली किट घेऊन येतात. हा जिल्हा फौजींचा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 साली इथेच सुरू झालं, अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. त्यामुळे मुलांना रणगाडे-विमानांची ओढ असते, हातही चांगला चालतो. पण काचेपाशी आली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, “काका, सगळ्यात घट्ट कोणता बसतो?”

तो प्रश्न पंखांसाठी, चाकांसाठी बरोबर आहे. काचेवर मात्र कसलाच भार नसतो. तिला कोणी ओढत नाही, तिच्यावर काही टेकत नाही. काचेचा ग्लू निवडताना बघायचं ते एवढंच, की वाळताना तो काचेला काय करतो आणि चुकून बाहेर आला तर पुसता येतो का. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाटली आपोआप ठरते.

आधी प्लास्टिक ओळखा

किटमधले पारदर्शक भाग जवळजवळ नेहमी पॉलिस्टायरीनचे असतात, म्हणजे राखाडी भागांच्याच जातीचे. पण स्वभाव वेगळा. पॉलिस्टायरीन चिवट व्हावं म्हणून त्यात रबर मिसळतात, आणि रबर मिसळलं की ते दुधट होतं. काचेच्या भागांत ते घालता येत नाही, म्हणून हे भाग ठिसूळ असतात. फरशीवर पडले तर टणकन वाजतात. वाकवले तर वाकत नाहीत, तडकतात. शिवाय राखाडी भागावरचा ओरखडा रंगाखाली झाकून जातो, काचेवरचा मात्र कायम दिसत राहतो.

काही जुन्या किंवा छोट्या कंपन्यांच्या किटमध्ये कॅनोपी पातळ पत्र्यासारखी, गरम करून साच्यावर ओढलेली असते. ती बहुधा वेगळ्या प्लास्टिकची असते आणि किटचं नेहमीचं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा ग्लू, तिच्यावर धड चालत नाही. घरी कापून बनवलेल्या खिडक्यांचंही तसंच, त्याबद्दल पुढे सांगतो.

सरावासाठी मिठाईच्या डब्यांची पारदर्शक झाकणं जपून ठेवा. कंदी पेढ्यांच्या गावात त्यांचा तुटवडा नाही. झाकणाच्या कोपऱ्यात त्रिकोणी बाणांत आकडा असतो. 6 असेल तर ते पॉलिस्टायरीन, म्हणजे तुमच्या काचेचं सख्खं भावंड. 1 असेल तर पीईटी, म्हणजे वेगळ्या जातीचं प्लास्टिक, त्यावर सिमेंटचा सराव करून काही कळणार नाही. सहा नंबरचं झाकण मिळालं की त्याच्या पट्ट्या कापा आणि पुढचे सगळे प्रयोग आधी त्यावर करून बघा.

बाटल्या आणि त्यांचे स्वभाव

किटसाठी म्हणून विकलं जाणारं सिमेंट हे खरं तर विरघळवणारं द्रव्य आहे. तामिया कंपनीच्या एक्स्ट्रा थिन या सिमेंटमध्ये अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट असतं. ते दोन्ही भागांचा पृष्ठभाग वितळवतं, कडा एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातं आणि उरतं ते एकसंध प्लास्टिक. राखाडी भागांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते पाण्याहून पातळ असतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं फटीतून धावतं. फट काचेखाली गेली असेल तर तेही काचेखाली जातं. काचेवर सांडलेला थेंब तिचा पृष्ठभाग वितळवून टाकतो. तिथे दुधट डाग पडतो, कधी केसासारख्या बारीक चिरा उमटतात. पुसायला गेलात की मऊ झालेलं प्लास्टिक फडक्याबरोबर ओढलं जातं आणि डागाचा पट्टा होतो. एका चुकीतून दुसरी होते ती अशी. म्हणून थेंब पडला तर हात मागे घ्या. काहीही करू नका. पूर्ण वाळू द्या, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

ट्यूबमधलं जाड सिमेंट धावत नाही, पण तार सुटते. कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा ट्यूबच्या तोंडापासून काचेवर येऊन पडतो आणि तिथेच रुततो. काचेच्या कामाला ही ट्यूब टेबलावरसुद्धा ठेवू नका, असं मी मुलांना सांगतो.

दुसरा प्रकार इन्स्टंट ग्लू, रसायनाच्या भाषेत सायनोअ‍ॅक्रिलेट. किराणा दुकानातही मिळतो, फेव्हिक्विक म्हटलं की कुणालाही कळतं. चिकटवण्यात याचा हात कोणी धरणार नाही. काचेचा मात्र तो वैरी आहे, आणि हे मी फार मोलाने शिकलो. काही वर्षांपूर्वी 1/24 मापाची, म्हणजे खऱ्या गाडीहून लांबी-रुंदीला चोवीस पट लहान, एक गाडी केली होती. आतल्या सीटांना शिवणीच्या रेघासुद्धा काढल्या होत्या. पुढची काच आतून चार ठिकाणी इन्स्टंट ग्लूच्या टिपक्यांनी बसवली, छप्पर लावून गाडी बंद केली आणि झोपलो. रात्री काच लख्ख होती. सकाळी तिच्या आतल्या बाजूला पांढरी साय धरली होती आणि त्या सायीत माझ्या अंगठ्याचा ठसा होता. अंधुक वगैरे नाही, मधला भोवरा आणि त्याभोवतीची एकेक रेघ मोजता यावी इतका स्पष्ट.

का झालं? हा ग्लू ओलाव्याने घट्ट होतो. तो घट्ट होण्याआधी त्याची थोडी वाफ उडते, ती जवळच्या पृष्ठभागावर बसते आणि जिथे ओल किंवा घाम असेल तिथे पांढरी होऊन गोठते. बोटाच्या घामाने उमटलेल्या रेघांवर ती सगळ्यात आधी धरते. गुन्ह्याच्या जागचे न दिसणारे ठसे उमटवण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत याच ग्लूची वाफ वापरतात. बंद गाडी किंवा बंद कॉकपिट म्हणजे आपण नकळत तयार केलेली तशीच पेटी, वाफेला बाहेर जायला वाटच नाही. या ग्लूचा जन्मही काचेशी जोडलेला आहे. 1942 मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूवर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे द्रव्य त्यांच्या हाती आलं. ते लागेल त्याला चिकटायचं म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं गेलं आणि ग्लू म्हणून बाजारात आलं 1958 मध्ये. पारदर्शक कामासाठी ते तेव्हाही नापास झालं होतं, हे लक्षात ठेवा.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. इन्स्टंट ग्लू सांडला तर कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. कापसात तो झपाट्याने घट्ट होतो आणि इतका तापतो की चटका बसतो, कधी धूरही निघतो.

आता आपला माणूस: पांढरा ग्लू. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटून पारदर्शक पापुद्रा बनतो. फेव्हिकॉल हा याच घराण्यातला, 1959 पासून आपल्याकडे घरोघरी असलेला. तो प्लास्टिक वितळवत नाही, त्याची वाफ काचेवर धरत नाही आणि ओला असेपर्यंत पाण्याने पुसला जातो. जोर कमी, पण जोर आपल्याला नकोच होता. शिवाय एक गुण असा, की तो स्वतःच सांगतो. पांढरा दिसतोय तोवर ओला आहे, दिसेनासा झाला की वाळला. नवीन माणसाला याहून चांगला गुरू कुठला?

सुतारकामाचा दाट फेव्हिकॉल जाड थरात वाळला की अगदी नितळ राहतोच असं नाही, किंचित पिवळट झाक येऊ शकते. कडेच्या खाचेत, रंगाआड तो चालतो. जिथे ग्लू उघडा दिसणार तिथे काचेसाठीच बनवलेला ग्लू मागवा. मायक्रोस्केलचा क्रिस्टल क्लिअर, डिलक्स मटेरियल्सचा ग्लू एन ग्लेझ ही नावं चालतात. कॅनोपी ग्लू म्हणून विकले जाणारेही बहुतेक याच कुळातले, थोडे जास्त चिकट. एक छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा, क्वचितच लागतो. उघडी ठेवलेली कॅनोपी फक्त दोन टोकांवर टेकत असेल तर पांढरा ग्लू कमी पडतो. तिथे पाच मिनिटांत घट्ट होणारा, पारदर्शक इपॉक्सी टाचणीच्या टोकाएवढा घ्यायचा. दोन्ही भाग समान घेऊन नीट कालवा, नाहीतर तो आठवडाभर चिकट राहतो. जास्तीचा लगेच पुसा. काही वर्षांनी तो पिवळा पडतो, म्हणून दिसेल अशा ठिकाणी नको.

यूव्ही रेझिन आता नेल आर्टच्या सामानातही मिळतं. निळसर दिव्याखाली काही सेकंदांत घट्ट होतं, गच्चीवरच्या उन्हातही होतं. छोट्या दिव्यांची भिंगं बनवायला उत्तम. दिवा डोळ्यांवर घेऊ नका. प्रकाश पोहोचत नाही अशा सांध्यात ते आत ओलंच राहतं, हे विसरू नका.

पहिली कॅनोपी बसवताना

माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात भारतीय हवाई दलाचं नॅट हे छोटं लढाऊ विमान केलं. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर नॅट उडवताना लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, हवाई दलातले एकमेव परमवीर चक्रविजेते, यांच्याबद्दल शाळेत ऐकून त्याने ते निवडलं होतं. 1/72 मापात हे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम 9 सेंटीमीटर भरतं. कॅनोपी दोन बोटांच्या चिमटीत दिसेनाशी होते. अशा छोट्या कामात चूक लगेच दिसते, म्हणून त्याने कसं केलं ते क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा कापणं. किटचे भाग प्लास्टिकच्या ज्या चौकटीला जोडलेले येतात तो सांगाडा. काच त्या सांगाड्यापासून एका कापात तोडायची नाही. आधी दूरवर, भागापासून तीन-चार मिलिमीटर सोडून निपरने, म्हणजे प्लास्टिक कापायच्या छोट्या पक्कडीने, कापायचं आणि भाग सुटा करायचा. मग राहिलेला खुंट थोडा थोडा करून नव्या पात्याने कापायचा, शेवटचं अर्धा मिलिमीटर 1500 च्या वॉटर पेपरवर (अगदी बारीक पॉलिश पेपर) घासून काढायचं. पिळून तोडलं तर खुंटाच्या मुळाशी पांढरा डाग काचेत आत शिरतो आणि तो कशानेही जात नाही. काच कापल्यावर उरलेला सांगाडा फेकू नका. त्यावर कंपनीचं नाव किंवा नंबर असलेली एक सपाट पट्टी असते. ती तुमच्या काचेच्याच प्लास्टिकची, त्याच दिवशी ओतलेली. तुमच्याकडच्या प्रत्येक ग्लूचा एकेक टिपका तिच्यावर ओळीने ठेवा, बाजूला पेनने नाव लिहा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरून बघा. माझ्या भाच्याच्या पट्टीवर सिमेंटच्या जागी खड्डा पडला होता, इन्स्टंटच्या टिपक्याभोवती पांढरं खळं होतं, आणि पांढऱ्या ग्लूचा टिपका शोधायला पट्टी तिरकी करावी लागली. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरं, कोरडं बसवून बघणं. ग्लू न लावता काच जागेवर ठेवा आणि चारी बाजूंनी बघा. फट कुठे आहे, कुठला कोपरा वर उचलला जातोय. काच घासायची नाही, विमानाच्या अंगावरची कड घासायची. काच दाबून बसवावी लागत असेल तर ती बसलेली नाही. दाबाखाली ठेवलेली पारदर्शक पॉलिस्टायरीन सिमेंटचा वास लागला तरी चिरते. या पायरीला वेळ द्या. एक तास गेला तरी तो वाया जात नाही, कारण काच जागेवर नीट बसली की ग्लू फक्त तिला हलू न देण्यापुरता लागतो.

मग धुणं. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कोमट पाण्यात, मऊ ब्रशने हलकेच, मग स्वच्छ पाण्याने. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका. फडक्याने घासून कोरडं केलं तर प्लास्टिकमध्ये वीज साठते आणि ते हवेतली धूळ ओढतं. टिश्यूवर उपडी ठेवून वाळू द्या, वर वाटी झाका. इथून पुढे काचेच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. टूथपिकला मास्किंग टेपचा गोळा लावून काच बाहेरून धरायची.

जमलं तर या टप्प्यावर काच चकचकीत पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वॉर्निशमध्ये बुडवून घ्या. चिमट्याने धरून बुडवा, हळू बाहेर काढा, खालच्या टोकाला साचलेला थेंब टिश्यूला टेकवून शोषून घ्या आणि वाटीखाली दोन दिवस ठेवा. बारीक चरे या थरात भरून निघतात, काच आणखी पातळ आणि स्वच्छ दिसते, शिवाय चुकीच्या वाफेपासून थोडं संरक्षण मिळतं. अर्थात हे चिलखत आहे म्हणून इन्स्टंट ग्लू वापरायला मोकळीक मिळाली, असं समजू नका.

कॉकपिट आतून रंगवून झालं, राखाडी भाग सिमेंटने जोडून झाले की लगेच काच लावायची नाही. बंद केलेल्या पोकळीत सिमेंटची आणि रंगाची वाफ दोन-दोन दिवस राहते. रात्रभर उघडं ठेवा. आत फुंकर मारून धूळ काढा. सीटचा पट्टा सुटलाय का, आकडे लावलेत का, एकदा नजर फिरवा. काच लागली की आत हात जाणार नाही.

आता ग्लू. बाटलीतून थेट लावू नका. प्लास्टिकच्या झाकणावर एक थेंब काढा, टूथपिकचं टोक बुडवा आणि विमानाच्या कडेवर, काच जिथे टेकणार त्या ओळीवर, धाग्यासारखी बारीक रेघ ओढा. ग्लू काचेला लावायचा नाही, विमानाला लावायचा. काच वरून सरळ खाली ठेवा, सरकवू नका, सरकवली की आत पट्टा उमटतो. जागेवर आल्यावर एक-दोन मिनिटं तुमच्या हातात असतात. पुढून, मागून, वरून बघा. बाहेर आलेला ग्लू ओलसर इअरबडने, म्हणजे कानात घालायच्या कापसाच्या काडीने, एकाच दिशेने पुसा. उलट फटीत कमी पडला असेल तर बाहेरून थोडा भरा आणि पुन्हा ओल्या इअरबडने फिरवा, कडेची फट भरायचं कामही तोच करतो. मग मास्किंग टेपची एक पट्टी वरून हलकी लावा आणि उठून जा.

अर्ध्या तासात काच हलणार नाही, पण खरं वाळायला रात्र लागते. जुलैमध्ये कासच्या बाजूने ढग उतरले आणि कपडे तीन दिवस वाळेनासे झाले की ग्लूचं पाणीही उडत नाही. तेव्हा मी दीड-दोन दिवस धरतो. घाईने हेअर ड्रायर लावू नका, पातळ काच वाकते. टेबललॅम्पपासून हातभर अंतरावर ठेवलं तरी पुरे. एप्रिलमध्ये गोष्ट उलटी होते. टूथपिकवरच्या ग्लूला साय धरते, म्हणून रेघ ओढण्याआधी काच हाताशी तयार ठेवा.

सिमेंट कुठे चालतं

पातळ सिमेंट काचेवर कधीच नको असं मी म्हणणार नाही. विमानाची पुढची स्थिर काच अंगाशी एकजीव करायची असेल, सांधा घासून रंगवायचा असेल, तर पांढरा ग्लू घासताना रबरासारखा ओढला जातो. तिथे सिमेंटच हवं. पण काच आधी पांढऱ्या ग्लूच्या दोन टिपक्यांनी जागेवर बसवून घ्या, रात्रभर वाळू द्या. मग ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून जवळजवळ कोरडा करा आणि रंगवला जाणार आहे अशाच चौकटीच्या खालच्या सांध्याला एकदा टेकवा. टेकवा आणि उचला. ओढायचा नाही. सांध्यावर बोट ठेवून धरू नका, बोटाखाली सिमेंट धावतं आणि उचलल्यावर बोटाचा ठसा काचेत कोरलेला सापडतो. आधी सहा नंबरच्या झाकणाच्या पट्ट्यांवर दहा वेळा करा. हात बसला की मग विमान.

दुसरी निर्धास्त जागा म्हणजे रणगाड्याच्या पेरिस्कोपचे काचेचे ठोकळे. त्यांचा फक्त समोरचा चेहरा दिसतो, बाकी सगळं रंगाखाली जातं. मागच्या बाजूने सिमेंटचा एक स्पर्श पुरतो.

गाड्या, हेडलाइट आणि लाल परी

गाडीत क्रम उलटा असतो. विमानाची काच रंगाआधी लागते आणि झाकून ठेवावी लागते, गाडीची काच बाहेरचा रंग आणि पॉलिश पूर्ण झाल्यावर आतून लागते. छपराच्या आतल्या बाजूला काचेला टेकायला पट्टी असते, तिच्यावर पांढऱ्या ग्लूची रेघ ओढा. रंग काचेच्या कडेच्या जागेवर साचला असेल तर आधी खरवडून काढा. नाहीतर ग्लू रंगाला चिकटतो, आणि रंग सुटला की काचही सुटते.

हेडलाइटचं भिंग बसवताना मागे चकाकता क्रोमचा भाग असतो. सिमेंट त्या चकाकीखालचा थर खातं आणि आरसा काळवंडतो. पांढऱ्या ग्लूचे तीन सूक्ष्म टिपके कडेला ठेवले की पुरे. भिंग हरवलं असेल तर खळग्यात यूव्ही रेझिनचा थेंब सोडा, टाचणीने बुडबुडा फोडा आणि दिवा दाखवा. पातळ दोन थर द्या, एकदम जाड नको.

बोटीच्या गोल खिडक्या आणि प्रवासी विमानाच्या चिमुकल्या खिडक्यांना सुटी काच लावायची गरजच नसते. टूथपिकवर काचेसाठीचा पांढरा ग्लू भरपूर घ्या, भोकाच्या कडेवरून गोल फिरवा आणि मध्ये ओढा. साबणाच्या फुग्यासारखा पडदा धरतो आणि वाळून काच होते. साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला हे जमतं. विमान आडवं ठेवा, उभं ठेवलं तर पडदा खाली ओघळून जाड होतो.

मुलांपैकी एकाला एसटी करायची होती, जुनी लाल-पिवळी, साताऱ्याहून मेढा-बामणोलीला जाते तशी. अशा गाडीचं किट नाही मिळालं, म्हणून पांढऱ्या प्लास्टिक शीटमधून अंग कापलं आणि खिडक्यांना झेरॉक्सच्या दुकानातून ओएचपी शीट, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद, आणली. ती बहुधा पॉलिएस्टरची असते. किटचं सिमेंट तिला वितळवत नाही, म्हणून जोडही करत नाही. वाळल्यावर खिडकी अलगद सुटून हातात येते. इन्स्टंट ग्लूचं तर आपण बघितलंच. मग उरला तोच: पांढरा ग्लू, तोही शीटच्या कडेला 1000 चा वॉटर पेपर हलकेच फिरवून, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाला पकड मिळते. आम्ही आणखी एक केलं. खिडक्यांची एकेक काच न कापता एका बाजूची पूर्ण लांबीची एकच पट्टी घेतली आणि आतून खांबांच्या रेषेवर चिकटवली. ग्लू खांबाआड लपला. वर आतून प्लास्टिकची चिंचोळी पट्टी लावून कड दाबून टाकली, म्हणजे ग्लू सुटला तरी काच पडणार नाही.

बिघडलंच तर

पांढऱ्या ग्लूचा डाग असेल तर काळजी नाही. ओला इअरबड पाच मिनिटं टेकवून ठेवा, मऊ होऊन निघतो. पूर्ण काच काढायची असेल तर सांध्यावर पाणी सोडत राहा आणि टूथपिकने हळू उचला.

सिमेंटचा डाग किंवा इन्स्टंटची साय बाहेरच्या बाजूला असेल तर ती घासून काढता येते, पण दुसऱ्या दिवशी. वॉटर पेपर पाण्यात बुडवून 1500, मग 2000, मग 3000. प्रत्येक वेळी दिशा बदला, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या की नाही हे कळतं. काच आधी आणखी धुरकट दिसेल, घाबरू नका. मग गाडीच्या रंगाची पॉलिश मऊ सुती कपड्यावर घेऊन छोट्या गोलात फिरवा, न दाबता, काच तापू न देता. पॉलिश नसेल तर जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्टही चालते. धुऊन, वाळवून वॉर्निशमध्ये बुडवा. ज्याला तासभर बसायचं धैर्य आहे त्याची काच परत येते.

आतल्या बाजूला साय असेल आणि गाडी बंद झाली असेल तर एकच उपाय, काच उघडणं. ती पांढऱ्या ग्लूने लावली असेल तर उघडते. काचेत आत गेलेला तडा मात्र दुरुस्त होत नाही. किट बनवणाऱ्या काही कंपन्या सुटे भाग देतात, तेव्हा डब्यातला कागद शेवटपर्यंत सांभाळून ठेवा. त्यावर भागाचा नंबर असतो.

खिडकी उघडी ठेवून काम करा, सिमेंटचा वास डोक्यात जातो. घरात लहान मूल असेल तर बाटल्या काम संपताच वर ठेवा.

राहिलं मास्किंग काढणं. विमानाची चौकट रंगवून झाल्यावर टेप रंग अगदी कडक होण्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो. टेपचा कोपरा टूथपिकने उचलायचा, पात्याने नाही. मग तो स्वतःवरच दुमडून, काचेला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचा, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट काचेच्या वरच्या कडेवर हलकं टेकवून ठेवायचं. पांढऱ्या ग्लूवर बसलेली काच टेपबरोबर वर येऊ शकते. माझ्या भाच्याच्या नॅटची आली होती, मागचा कोपरा केसभर उचलला गेला. त्याने फटीत टूथपिकने थोडा ग्लू सोडला, ओल्या इअरबडने पुसला, वर टेप लावला आणि शाळेला गेला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फट दिसत नव्हती.